नव्वद दिवसांची हिस्ट्री

गहिनीनाथ आरगडे वारला त्याला बहात्तर दिवस झाले होते. त्या दिवशी दुपारी त्याच्या बायकोला मोबाईलमध्ये दिसलं, की सकाळी साडेअकराला त्यानं काहीतरी शोधलंय.

त्याची बायको अश्विनी नेवाशाच्या सार्वजनिक वाचनालयात काम करायची. दुपारी दोननंतर तिथं फारसं कुणी नसतं. पेपर वाचणारे म्हातारे घरी गेलेले असतात आणि स्पर्धा परीक्षेची मुलं आतल्या खोलीत वह्यांवर डोकी टेकून झोपलेली असतात. एका प्रकाशकाचा फोन नंबर हवा होता म्हणून तिनं मोबाईलवर ब्राउझर उघडला आणि शोधायच्या चौकटीत बोट टेकवलं. खाली आधीच्या शोधांची यादी पडली. सगळ्यात वर लिहिलं होतं: 'बुडताना माणसाला काय वाटतं'.

तिनं हे शोधलं नव्हतं. या अडीच महिन्यांत तिनं त्या मोबाईलला नाही नाही ते विचारलं होतं. मेलेला माणूस स्वप्नात येऊन बोलत नसेल तर काय समजायचं, चपला काढून पाण्यात जाणे याचा अर्थ, पोस्टमॉर्टेममध्ये कळतं का माणूस पडला की उडी मारली. पण हा एक प्रश्न विचारायची तिची हिंमत झाली नव्हती. तिनं मोबाईल टेबलाच्या खणात, नव्या पुस्तकांच्या दाखल नोंदवहीखाली ठेवला आणि चार वाजेपर्यंत खण उघडला नाही.

मोबाईल तिचाच होता, पण त्यातलं खातं गहिनीनाथचं होतं. त्याचा फोन त्याच्याबरोबर पाण्यात गेला. त्यातले फोटो तरी मिळावेत म्हणून ती स्टँडजवळच्या मोबाईल दुकानात गेली होती. पासवर्ड तिला पाठ होता. दुकानदारानं गहिनीनाथचं खातं तिच्या मोबाईलमध्ये टाकलं, फोटो आले, आणि ब्राउझरलाही तेच खातं लागून राहिलं. तेव्हापासून तिचे सगळे शोध मेलेल्या नवऱ्याच्या नावावर जात होते. ते तिला माहीत होतं. काढून टाकावं असं तिला वाटलं नाही.

गहिनीनाथ आप्पासाहेबांच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करायचा. वाढदिवसाचे, निवडीचे आणि श्रद्धांजलीचे बॅनर. श्रद्धांजलीचं काम तो मन लावून करी. फोटोतल्या माणसाच्या मागचं भिंतीवरचं कॅलेंडर, दोरीवरचे कपडे असलं सगळं पुसून तिथं निळं आभाळ टाकी. त्याचा स्वतःचा बॅनर आप्पासाहेबांनीच घाईत केला. त्यात त्याच्या खांद्यावर अश्विनीच्या हाताची चार बोटं तशीच राहून गेली.

डिसेंबरातला रविवार होता. आदल्या संध्याकाळी दोघांचं भांडण झालं. एकत्र घरात तिला कोंडल्यासारखं व्हायचं. वेगळं राहू, एक खोली चालेल, असं ती वर्षभर म्हणत होती आणि तो बघू बघू करत होता. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्ही असून काय आणि नसून काय, मला सारखंच हाय." तो मोबाईल घेऊन ओट्यावर जाऊन बसला. रविवारी सकाळी चहा न घेता मोटरसायकल काढून गेला. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, प्रवरेच्या काठावर ती मोटरसायकल उभी सापडली, किल्ली तशीच. खाली दगडावर चपला काढून ठेवलेल्या, एकीला एक लावून. दोन दिवसांनी तो सापडला. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. गावानं तेवढ्यावर भागवलं नाही. पाय घसरून पडणारा माणूस चपला काढून ठेवतो का, असं बायका दारात हळू आवाजात बोलायच्या आणि ती आली की भाजीचा भाव काढायच्या.

दुसऱ्या दिवशी यादीत नवीन ओळ होती: 'गहिनीनाथ आरगडे'. त्याच्याखाली 'प्रवरा नदी नेवासा खोली'.

कुणीतरी पासवर्ड चोरला असेल हे तिलाही सुचलं. तिनं ते मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. पण चोराला हे कशाला पाहिजे असेल? चोर नदीची खोली कशाला विचारील? कुणाला दाखवावं तर बायका आधीच म्हणत होत्या की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. ती गप्प राहिली. जेवता जेवता तिचा हात थांबायचा, सासूबाई बघायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी यादीत वरच एक प्रश्न होता. कुठली माहिती शोधणारा नव्हे, समोरच्या माणसाला विचारलेला: 'तुम्हाला काय पाहिजे'.

अश्विनी उठून बाहेरच्या माठापर्यंत गेली, पाणी प्यायली, परत आली. ओळ तिथंच होती. आतल्या खोलीत एका मुलानं खुर्ची सरकवली तेव्हा ती एवढी दचकली की मोबाईल हातातून टेबलावर पडला. मग तिनं शोधायच्या चौकटीत टाईप केलं, 'तुम्ही कुठं आहात', आणि शोधाचं बटण दाबलं. खाली कसलीतरी पानं उघडली, गाण्यांची, नकाशाची. ती तिनं पाहिलीही नाहीत.

त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता एकच शब्द होता, 'श्रीरामपूर'.

श्रीरामपूरला त्याचं कुणी नव्हतं. बॅनरचा कागद आणायला तो महिन्यातून एकदा जायचा, तेवढंच. तिनं लिहिलं, 'रागावलात का'. तासाभरानं तिनं पुन्हा ब्राउझर उघडला. 'नाही', असं लिहिलं होतं. आणि त्याच्यावर, दोन मिनिटांनी शोधलेलं आणखी एक: 'मला भीती वाटते'.

सात वर्षांच्या संसारात गहिनीनाथनं असं कधी म्हटलं नव्हतं. बापाच्या ऑपरेशनच्या दिवशीही नाही. अश्विनीला ते वाचून रडू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या रडण्यानं बरं वाटलं.

पुढचे आठ-नऊ दिवस ती निराळीच झाली. वेळेवर जेवायला लागली, केस विंचरून घराबाहेर पडायला लागली. सासूबाईंना वाटलं, पोरगी सावरली. खरं तर ती रोज दुपारची वाट बघत होती. वाचनालय शांत झालं की ती लिहायची, 'थंडी वाजते का'. 'माझं बोलणं मनाला लागलं का'. उत्तरं कधी यायची, कधी नाही. आली तरी तुटक असायची. 'माहीत नाही'. 'मी काय करू'. 'तुमच्यासाठी दुआ करतो'. त्या शेवटच्या ओळीतला 'दुआ' शब्द तिला खटकला, पण तिनं तो तसाच गिळला. कागदाचे व्यापारी मुसलमान होते, त्यांच्यात बसून त्याला सवय लागली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. आज तिला विचारलं तर ती म्हणते, मला कळत होतं. पण कळून घ्यायचं नव्हतं.

मग एका सोमवारी यादीत दोन ओळी आल्या. 'जीएनएम नर्सिंग वसतिगृह अर्ज नाव दुरुस्ती' आणि 'ब्राउझरमधून दुसऱ्याचं खातं कसं काढायचं'.

अश्विनी त्या ओळींकडे बघत राहिली. नर्सिंगच्या वसतिगृहात राहायची कुणाला तरी गरज होती. कुणीतरी जिवंत, शिकणारं माणूस होतं. आणि हे खातं तिच्या मोबाईलशिवाय आणखी एकाच ठिकाणी होतं, गहिनीनाथच्या लॅपटॉपमध्ये. डिसेंबरात सगळे रडत होते तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता मात्र वाचनालयाच्या टेबलावर तिला पोटातून उमाळे आले. आतली मुलं दारात येऊन उभी राहिली. डोकं दुखतंय, म्हणून ती घरी गेली.

दीर बन्सी ओट्यावर बसून स्प्रे पंपाचं नोजल साफ करत होता. तिनं थेट विचारलं, "भावजी, ह्यांचा लॅपटॉप दुरुस्तीला दिलाय म्हणाला होतात. कुठं दिलाय?"

बन्सीनं वर पाहिलं नाही. "वहिनी, तो दुरुस्तीला न्हाई. इकला मी."

"कुठं?"

"श्रीरामपूरला. खाजाभाई म्हणून हायेत, कूलर-बिलर दुरुस्त करत्यात, जुन्या वस्तू घेत्यात." मग तो नोजल खाली ठेवून म्हणाला, "तुमी रोज त्याच्यापुढं नुसत्या बसायच्या. चालू बी करत न्हवत्या. आईला बघवंना. म्हून दिला. सांगायला पायजे हुतं, चुकलं माझं."

"त्यातलं पुसून दिलं होतं?"

"काय पुसायचं?" बन्सी म्हणाला. "मला त्यातलं काय कळतंय?"

तिला त्याचा राग आला नाही. तिनं खाजाभाईंचा नंबर घेतला, फोन केला, आणि गुरुवारी रजा टाकून श्रीरामपूरची एसटी धरली. तो अठ्ठ्याऐंशीवा दिवस होता.

रेल्वे लाईनच्या पलीकडं, एका गल्लीत खाजाभाईंचं घर होतं. पुढं पत्र्याचं दुकान, त्यात उघडे कूलर, आणि मागं दोन खोल्या. खाजाभाई साठीचे, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी तिला दुकानात उभं ठेवलं नाही. "आत चला बाई, आत बसा," म्हणाले आणि बायकोला हाक मारली. मुबारकबी चहा घेऊन आल्या. एकच कप होता.

"तुम्ही?" अश्विनीनं विचारलं.

"आमचे रोजे चालू हायेत. तुम्ही घ्या, संकोच करू नका."

खाजाभाईंची मुलगी फलक दाराशी उभी होती. एकोणीस वर्षांची, बारीक, डोळ्यांखाली काळं झालेलं. ती आत येईना. मुबारकबींनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं आणलं. ती अश्विनीसमोर बसली आणि बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत राहिली.

"ते तुम्ही होता?" शेवटी तिनं विचारलं. "'तुम्ही कुठं आहात', ते?"

"हो. आणि 'मला भीती वाटते' म्हणणारी तू?"

फलकनं मान हलवली. मग तिनं सांगायला सुरुवात केली. अब्बूंनी लॅपटॉप आणला तेव्हा ती खूश होती. नर्सिंगला नंबर लागला होता, अर्ज भरायचे होते. पण कुठल्याही अर्जात नावाच्या रकान्यात बोट टेकवलं की खाली 'गहिनीनाथ भिमाजी आरगडे' यायचं, मोबाईल नंबरासकट, पत्त्यासकट. एकदा घाईत वसतिगृहाचा अर्ज तसाच गेला. मुलींच्या वसतिगृहात गहिनीनाथ आरगडे. तिकडून फोन आला, बाईंनी झापलं. पाहिजे ती वेबसाईट उघडायला एक अक्षर टाईप करावं, तर श्रद्धांजलीच्या बॅनरचे नमुने उघडायचे. हा माणूस कोण म्हणून तिनं आधी स्वतःच्या मोबाईलवर नाव शोधलं, तेव्हा नेवाशाच्या एका बातमीत सापडलं, नदीत बुडून मृत्यू.

"तोपर्यंत ठीक होतं," फलक म्हणाली. "पण मग बघितलं, तर त्यांच्या हिस्ट्रीत रोज नवीन काहीतरी येतंय. मी न करता. 'चपला काढून पाण्यात जाणे याचा अर्थ'. मला वाटलं, तेच विचारतायत. त्यांना कळत नाहीये ते कसे मेले, आणि ते विचारतायत."

मुबारकबी म्हणाल्या, "पोरगी जेवायची न्हाई. मला सांगितलं तिनं, अब्बूंना न्हाई. म्हटलं, घाबरू नको, ज्याला चैन न्हाई त्याच्यासाठी दुआ करायची. दर जुमेरातीला, म्हंजे गुरवारी, करतो आम्ही. नाव घेऊन."

"ह्यांचं नाव घेऊन?"

"व्हय. गहिनीनाथ." मुबारकबींनी ते नाव नीट उच्चारलं, सवयीचं असल्यासारखं.

अश्विनीनं चहाचा कप खाली ठेवला. नेवाशात दहावा झाला, तेरावा झाला, पण तेराव्यानंतर त्याचं नाव मुद्दाम घेणारं घर तिला माहीत नव्हतं. तिच्या घरचेही ते नाव टाळायचे. तिला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. ती पडली नाही, नुसती हात धरून बसली.

मग फलकनं लॅपटॉप आणला. झाकणावर आप्पासाहेबांच्या दुकानाचा गोल स्टिकर अजून होता. तिनं हिस्ट्रीचं पान उघडलं. "ताई, मी हे पुसणार होते. कसं पुसायचं ते वाचलंय. पण माझ्या आधीचं मी काही उघडलं नाही. दुसऱ्याचं आहे ते." ती थांबली. "आणि एक आहे. हा ब्राउझर नव्वद दिवसांचंच ठेवतो. त्याच्या मागचं आपोआप जातं. बातमीतली तारीख मी मोजली. परवा तो दिवसही जाईल."

"त्या दिवशीचं आहे त्यात?"

"असेल. त्यांच्या मोबाईलवरचं पण यातच येतं, खातं एकच आहे ना. तुमच्या मोबाईलमध्येही दिसलं असतं ताई. खाली खाली जायचं होतं."

हे अश्विनीला माहीत होतं. इतके दिवस ते तिच्या खणात, दाखल नोंदवहीखाली पडलेलं होतं. ती रोज वरच्या चार ओळी वाचायची आणि बोट उचलायची. बोट खाली ओढलं तर काय दिसेल याची तिला खात्री होती. 'लवकर मरण्याचे', असं काहीतरी. आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी तिचं ते वाक्य.

"परवापर्यंत थांबलं तर आपसूक जाईल म्हणतेस," ती म्हणाली.

"हो."

खाजाभाई दारात उभे होते. ते म्हणाले, "बाई, नाही वाचलंत तरी कुणी काही म्हणणार न्हाई."

बाहेरून रेल्वे गेली, भांड्यांच्या मांडणीतले पेले किणकिणले. "तू वाच," अश्विनी फलकला म्हणाली. "मला बघवणार नाही. मोठ्यानं वाच. आदल्या दिवसापासून."

फलकनं तारीख काढली. तिचा आवाज वर्गात धडा वाचल्यासारखा सपाट होता, आणि तेच बरं होतं.

"शनिवार. संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. 'नेवासा फाटा भाड्याने खोली'. सात बेचाळीस, एक जाहिरात उघडली आहे. 'एक खोली, न्हाणीघर आत, पाण्याची सोय, नेवासा फाटा'. आठ वाजता परत तीच जाहिरात. आठ वाजून दहा, परत तीच."

अश्विनीनं मान वर केली. "किती माणसांसाठी, असं काही आहे?"

"नाही. एक खोली, एवढंच आहे. फोन नंबर आहे."

"पुढं."

"रविवार. सकाळी आठ अठरा, हवामान. आठ एकोणचाळीस..." फलक थांबली. तिनं पडद्याजवळ डोकं नेलं, पुन्हा वाचलं, मग अश्विनीकडं बघितलं. "'कासव चावतं का'."

"काय?"

"'कासव चावतं का'. आठ एक्केचाळीस, 'नदीतलं कासव मासेमारीच्या जाळ्यात अडकलं तर कसं सोडवायचं'. एक पान उघडलंय. आठ चव्वेचाळीस, 'मऊ पाठीचं कासव मान किती लांब करतं'." तिनं बोट खाली-वर फिरवलं. "एवढंच. याच्यानंतर त्यांचं काही नाही."

मुबारकबींनी तोंडाला पदर लावला. अश्विनीला आधी हसू फुटलं. तिनं ते आवरलं नाही. हा माणूस घरात पाल निघाली तर तिला झाडूनं मारू द्यायचा नाही, कागदाच्या पुठ्ठ्यावर घेऊन बाहेर सोडायचा. दगडावर बसून त्यानं मोबाईलमध्ये कासवाच्या मानेची लांबी बघितली असणार. खिशात फ्लेक्स कापायचा कटर कायम असायचाच. चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या, त्या तो घरातही तशाच ठेवायचा. आणि मग तो पाण्यात उतरला. हसता हसता तिचा श्वास अडकला, आणि मुबारकबींनी तिला जवळ घेतलं.

तो मरायला गेला नव्हता. हे तिला कळलं. आणि ते कळल्यावर लगेच दुसरं कळलं, की शनिवारी संध्याकाळी, तिच्याशी न बोलता, त्यानं एका खोलीची जाहिरात तीनदा उघडली होती. तिच्यासाठी, की तिच्यापासून, हे त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं.

तिनं जाहिरातीतला नंबर पर्समधल्या पावतीच्या मागं उतरवून घेतला. मग म्हणाली, "आता पूस."

फलकनं 'ब्राउझिंग डेटा हटवा' उघडलं. एक तास, चोवीस तास, सात दिवस, चार आठवडे, सर्व वेळ. "इथून पुसलं की तुमच्या मोबाईलमधूनही जाईल ताई. नंतर मी खातं काढून टाकते. फोटोंना काही होत नाही."

"सर्व वेळ," अश्विनी म्हणाली.

हिस्ट्री. कुकीज. सेव्ह केलेले पासवर्ड. अर्जात आपोआप भरणारी माहिती. फलक एकेका चौकटीत खूण करत गेली आणि शेवटच्या चौकटीशी थांबली. तीत त्याचं नाव होतं, पत्ता होता. "हेही?"

"तुझा अर्ज परत त्याच्या नावानं जायला नको," अश्विनी म्हणाली.

बटण फलकनंच दाबलं. पडद्यावर एक छोटं चाक फिरलं आणि नाहीसं झालं. अश्विनीनं पर्समधून मोबाईल काढून पाहिला. चौकटीखाली काही नव्हतं.

निघताना खाजाभाई स्टँडपर्यंत आले. एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

रविवारी अश्विनी नदीवर गेली. बंधाऱ्याच्या अंगाला मासेमाऱ्यांची पाच-सहा घरं आहेत. तिथं रतनबाई जाळं विणत बसली होती. अश्विनीनं कोण, काय ते सांगितलं आणि विचारलं, डिसेंबरात कुणाच्या जाळ्याचं नुकसान झालं होतं का.

रतनबाईनं हातातली सुई थांबवली. "आमचंच. त्या रयवारी. एवढं मोठं भोक, सरळ कापलेलं. दात न्हवं, पातं लागल्यालं. आमी लई शिव्या दिल्या कापनाऱ्याला."

"त्यात कासव होतं का?"

"रिकामं हुतं बाई. हुतं का गेलं ते कुनाला ठावं." ती अश्विनीकडं बघत राहिली. मग तिला समजलं. "आय्या. शिव्या दिल्या आमी त्याला," ती हळूच म्हणाली.

अश्विनीनं घरी सांगितलं. बन्सी ऐकता ऐकता उठून बाहेर गेला आणि गोठ्याशी उभा राहिला. सासूबाईंनी फक्त विचारलं, "कासवापायी?" आणि दिवसभर अधूनमधून तेच विचारत राहिल्या. गावात काहींनी मानलं, काहींनी माना हलवल्या आणि मागं म्हणाले, बाईनं मनाची समजूत घातली. हिस्ट्री दाखव म्हटलं असतं तर दाखवायला काही उरलं नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

पावतीमागचा नंबर तिनं आठ दिवस जवळ ठेवला, मग फोन केला. खोली अजून रिकामी होती. नेवासा फाट्यावर, हमरस्त्यापासून आत, गॅरेजच्या मागं. मालकीण झुंबरबाई किल्ली घेऊन आल्या.

"डिसेंबरात कुणी फोन केला होता का खोलीसाठी? गहिनीनाथ म्हणून?"

"लई फोन येत्यात बाई. नाव कोन लक्षात ठेवतंय?" झुंबरबाईंनी कुलूप काढलं. "किती मानसं ऱ्हानार?"

अश्विनी आत गेली. दहा बाय बारा, पूर्वेला एक खिडकी, भिंतीत दोन फडताळं. "मी एकटीच," तिनं सांगितलं.

सासूबाई रडल्या, बन्सी म्हणाला लोक काय म्हणतील. पण सामान त्यानंच टेम्पोत घालून आणून दिलं आणि खिडकीला जाळी बसवून दिली. फाट्यावरून वाचनालयात जायला तिला शेअर रिक्षा मिळते.

ईदच्या दुसऱ्या दिवशी फलक डब्यातून शीरखुर्मा घेऊन आली. वसतिगृहाचा अर्ज मंजूर झाला होता, या वेळी स्वतःच्या नावानं. दोघी खाटेवर बसून खात होत्या. बाहेर गॅरेजमध्ये कुणीतरी मोटरसायकल चालू करून बघत होतं, बंद करत होतं, परत चालू करत होतं. प्रत्येक वेळी अश्विनीचा चमचा क्षणभर थांबायचा. फलकनं ते पाहिलं.

"ताई, इथंच का घेतली खोली? गावात मिळाली असती की."

"मिळाली असती," अश्विनी म्हणाली. "पण त्यांनी बघितलेली ही होती. मी दुसरीकडं गेले असते तर त्यांना पत्ता कुठून कळला असता?"

फलकनं दोन्ही वाट्या उचलल्या, न्हाणीघरात नेऊन धुतल्या आणि फडताळावर पालथ्या घातल्या. मग श्रीरामपूरची गाडी पाच वाजता असते म्हणून दोघी कुलूप लावून रस्त्याकडं निघाल्या.